मृत्युपत्रावरून पूर्वजांचा शोध (अमेरिकेची दक्षिणेकडील राज्ये)

व्हर्जिनिया, दोन्ही कॅरोलिना, जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा या राज्यांतील कुटुंबांचा इतिहास लावताना मृत्युपत्राइतका बोलका कागद दुसरा नाही. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद तेथे बहुतेक ठिकाणी विसाव्या शतकात नियमित झाली, आणि १८५० पूर्वीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. बायको, मुले, जावई, जमीन आणि देणी एकत्र सापडतात ती मृत्युपत्रातच.

शोधाची सुरुवात कौंटीपासून, म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागापासून करावी. मोठ्या कौंट्या तोडून नव्या होत गेल्याने माणूस जागचा हलला नाही तरी त्याचे कोर्ट बदलले असू शकते; म्हणून मृत्यूच्या वर्षी ते गाव कोणत्या कौंटीत होते हे आधी पाहावे. कोर्टाच्या नोंदवहीत असते ती कारकुनाने केलेली नक्कल. तिच्यातली सही कारकुनाच्या हातची असते आणि उतरवताना एखादे नाव गळलेलेही असते. मूळ कागद मिळत असेल तर तोच वाचावा. उत्तर कॅरोलिनातील जुनी मूळ मृत्युपत्रे मोठ्या संख्येने रॅली या राजधानीच्या शहरातील राज्य अभिलेखागारात आहेत. लुइझियानात मात्र फ्रेंच-स्पॅनिश वळणाचा दिवाणी कायदा असल्याने वारसाची कागदपत्रे वेगळ्या पद्धतीने शोधावी लागतात.

मृत्युपत्रावर दोन तारखा असतात, लिहिल्याची आणि कोर्टात शाबीत झाल्याची. मृत्यू या दोहोंच्या मध्ये. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मृत्युपत्रावर ९ जुलै १७९९ ही तारीख आहे, ते १४ डिसेंबरला वारले आणि २० जानेवारी १८०० रोजी फेअरफॅक्स कौंटीच्या कोर्टात मृत्युपत्र दाखल झाले. ते सर्व त्यांच्या स्वतःच्या हातचे आहे. २९ पानांपैकी तेविसावे सोडून प्रत्येक पानावर सही आहे. साक्षीदार एकही नाही, कारण स्वहस्ताक्षरातील मृत्युपत्राला व्हर्जिनियात साक्षीची गरज नव्हती. १७५२ पूर्वीच्या कागदांत वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून ‘फेब्रुवारी १७४१/४२’ अशी तारीख आपल्या हिशेबाने १७४२ची धरावी.

जाणकार मृत्युपत्रापाशी थांबत नाहीत. त्याच्या मागोमाग एक्झिक्युटरचे (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याचे) जामीनखत, पंचांनी केलेली मालमत्तेची यादी, लिलावाचा हिशेब, वाटणीपत्र आणि अज्ञान मुलांच्या पालनकर्त्याच्या नेमणुका येतात. खरा संसार दिसतो तो यादीत: किती गुरे, कोणती अवजारे, घरात पुस्तके होती का. लिलावात पहिल्या वस्तू अनेकदा विधवा आणि मुलगेच घेतात, त्यामुळे खरेदीदारांची नावेही उतरवून घ्यावीत.

सर्वाधिक चुका होतात त्या मृत्युपत्रात जे नाही त्यावरून निष्कर्ष काढताना. एखाद्या मुलाचे नाव नसले म्हणजे तो मेला किंवा त्याला तोडले असे नव्हे. लग्नाच्या वेळी बक्षीसपत्राने त्याचा वाटा दिलेला असू शकतो, तेव्हा जमिनीचे दस्तऐवजही तपासावेत. व्हर्जिनियात १७८५चा कायदा होईपर्यंत मृत्युपत्रात न आलेली जमीन थोरल्या मुलाकडे आपोआप जाई, म्हणून थोरल्याचा उल्लेखच नसणे स्वाभाविक होते. विधवेला कायद्याने एक तृतीयांश जमिनीचा हयातीपुरता हक्क असे आणि नवऱ्याने कमी ठेवले असेल तर ती मृत्युपत्र नाकारू शके. तो नकार कोर्टाच्या कामकाजात वेगळा नोंदलेला असतो. ‘कझिन’ हा शब्द पुतण्या-भाच्यालाही, ‘सन-इन-लॉ’ सावत्र मुलालाही लावत. ‘ऑर्फन’ म्हणजे वडील गेलेले मूल. त्याची आई जिवंत असू शकते.

या कागदांचे सर्वांत मोठे मोल गुलामगिरीत जगलेल्या कुटुंबांच्या वंशजांना आहे. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या जनगणनेत बहुतांश ठिकाणी नुसते वय, लिंग आणि वर्ण नोंदले. नावानिशी सर्वांची मोजणी १८७०मध्ये झाली. त्यामागे जायचे तर मालकाचे मृत्युपत्र आणि यादी हाच मुख्य रस्ता. मूल आईच्या दर्जाचे, म्हणजे आई गुलाम तर मूलही गुलाम, हा व्हर्जिनियाचा १६६२चा कायदा. त्यामुळे मृत्युपत्रात ‘अमुक स्त्री आणि तिची पुढील संतती’ अमक्या मुलीला, असे लिहीत. आई-लेकरांचा संबंध अशा ओळीतूनच उलगडतो. वॉशिंग्टन यांनी स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांना मुक्त करण्याची तरतूद केली. १७९९च्या त्यांच्या यादीत नावांबरोबर जोडीदार कोण आणि कोणाच्या मालकीचा हेही आहे. इतका तपशील सहसा मिळत नाही. नोंदवह्यांच्या सूचीत गुलामांची नावे येत नाहीत, म्हणून मालकाच्या मुली-जावयांचीही दप्तरे पानोपान वाचावी लागतात. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरील हस्ताक्षर वाचणाऱ्या शोधामुळे हे काम आता पुष्कळ हलके झाले आहे.

कोर्टाची आग ही नेहमीची अडचण. व्हर्जिनियाच्या अनेक कौंट्यांनी यादवी युद्धात दप्तर सुरक्षिततेसाठी रिचमंडला पाठवले आणि एप्रिल १८६५च्या आगीत ते जळाले. अशा वेळी शेजारच्या कौंटीतील जमिनीचे आणि वारसांच्या भांडणांचे दावे पाहावेत, कारण मृत्युपत्राची प्रत पुरावा म्हणून तेथे जोडलेली असते. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने अशा प्रती जमवून वेगळा डिजिटल संग्रह केला आहे.