मॅन्युफॅक्चर्ड होम : तपासणी आणि मूल्यांकन

मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणजे कारखान्यात पुरते बांधून, स्वतःच्या पोलादी चासीवर रस्त्याने ओढत जागेवर आणलेले घर. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेतला. तिथल्या संघीय व्याख्येनुसार प्रवासात असताना त्याची रुंदी किमान ८ फूट किंवा लांबी किमान ४० फूट असावी लागते, अथवा जागेवर उभे केल्यावर क्षेत्रफळ किमान ३२० चौरस फूट भरावे लागते. शिवाय चासी कायमची असावी लागते. एकाच तुकड्याचे ते सिंगल-वाइड, लांबीच्या बाजूने दोन तुकडे जोडलेले ते डबल-वाइड. १९७४ च्या कायद्याने अमेरिकेच्या गृहनिर्माण व नगरविकास खात्याकडे, म्हणजे ‘हड’कडे, या घरांची मानके ठरवण्याचे काम आले आणि ती १५ जून १९७६ पासून लागू झाली. त्या तारखेआधीचे ते ‘मोबाइल होम’. बोलताना लोक दोन्हींना मोबाइल होमच म्हणतात, पण मूल्यांकन करणाऱ्याने ही गल्लत करून चालत नाही. तारखेच्या अलीकडे-पलीकडे काही आठवड्यांच्या अंतराने बनलेली दोन घरे दिसायला सारखी असतात. जुन्याला मात्र बहुतेक गृहकर्ज योजनांची दारे बंद असतात. मग गिऱ्हाईक रोखीचेच उरते आणि भाव तिथेच पडतो.

मॉड्युलर घरही कारखान्यातच बनते, पण ते स्थानिक बांधकाम नियमांनुसार, म्हणून ते या नोंदीत येत नाही. आपल्याकडच्या साइटवरच्या पोर्टा केबिनचाही इथे संबंध नाही.

घराची ओळख

तपासणीची सुरुवात ओळखीच्या तीन खुणांपासून होते. पहिली खूण बाहेरची : साधारण २ बाय ४ इंचांची लाल धातूची पट्टी, प्रत्येक तुकड्याच्या मागच्या टोकाला, जमिनीच्या पातळीपासून नव्हे तर घराच्या फरशीपासून सुमारे फूटभर वर, रिव्हेटने ठोकलेली. डबल-वाइडवर अशा दोन पट्ट्या हव्यात. एकच सापडली तर दुसरी बहुतेक वेळा नव्या साइडिंगखाली, म्हणजे भिंतींवरच्या बाहेरच्या आवरणाखाली, गाडली गेलेली असते, किंवा साइडिंग बदलणाऱ्याने उपटून टाकलेली असते. दुसरी खूण आत : डेटा प्लेट नावाचा, पत्राच्या कागदाएवढा चिकटवलेला तक्ता. तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारामागे, विजेच्या पॅनलजवळ किंवा झोपण्याच्या खोलीतल्या कपाटात शोधावा. तिसरी खूण म्हणजे चासीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर ठोकलेला अनुक्रमांक. डबल-वाइडमध्ये त्याच्या शेवटी बहुधा ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे असतात. गंज खरवडून, खडू घासून तो वाचावा लागतो. लाल पट्टी हरवली तर हड नवी देत नाही. तिच्या क्रमांकाची पडताळणी करून देणारे पत्र मात्र इन्स्टिट्यूट फॉर बिल्डिंग टेक्नॉलॉजी अँड सेफ्टी या संस्थेकडून मिळते आणि सावकार सहसा ते मान्य करतात.

डेटा प्लेट म्हणजे या घराची जन्मपत्रिकाच. तिच्यावर निर्माता, मॉडेल, तारीख, कारखान्यातून बसवून आलेली उपकरणे आणि तीन नकाशे असतात : वारा, छपरावरचा भार आणि उष्णता. छपराची क्षमता दक्षिण विभागात चौरस फुटाला २० पौंड, मधल्या विभागात ३० आणि उत्तरेत ४० धरलेली असते. वाऱ्याचे विभाग १, २ आणि ३. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडातली अशी घरे मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त केली. त्यानंतर १९९४ मध्ये वाऱ्याची मानके कडक झाली. त्यामुळे किनारपट्टीवर १९९४ च्या अलीकडचे आणि पलीकडचे घर हे दोन वेगळे माल आहेत. वाऱ्याच्या वरच्या क्रमांकाच्या विभागासाठी बनलेले घर खालच्या क्रमांकाच्या विभागात चालते, उलटे चालत नाही. म्हणून जे घर हलवून नेण्यासाठी विकत घ्यायचे, त्याची प्लेट वाचल्याशिवाय बयाणा देऊ नये.

माप

जाहिरातीतल्या मापावर विश्वास ठेवून कित्येक मूल्यांकने फसली आहेत. टायटलवर, म्हणजे घराच्या मालकीच्या कागदावर, किंवा माहितीपत्रकात लिहिलेल्या लांबीत बहुधा ओढण्याची हूक, म्हणजे टंग, धरलेली असते. ती ३ ते ४ फूट. रुंदीही वरच्या अंकाला गोल केलेली असते. ‘२८ बाय ६०’ म्हणून विकलेले घर फीत धरून मोजले की अनेकदा २६ फूट ८ इंच बाय ५६ फूट निघते. म्हणजे १,६८० च्या जागी सुमारे १,४९३ चौरस फूट. चौरस फुटाला ६० डॉलर असा दर धरला, तर या फरकाचे ११,००० डॉलरहून जास्त होतात. माप नेहमी बाहेरून, भिंत ते भिंत घ्यावे. पोर्च, कारपोर्ट आणि नंतर जोडलेली खोली स्वतंत्र नोंदवावी.

घराखाली

या घराचे आयुष्य ठरते ते खालच्या पोकळीत. आत नवी फरशी आणि नवा रंग दोन-चार दिवसांत होतो, पण खाली सरपटत जाऊन दुरुस्ती करणे कोणालाच आवडत नाही, म्हणून तिथे खरे ते दिसते. स्कर्टिंगमध्ये, म्हणजे घराभोवतीच्या झालरीत, आत जाण्यासाठी किमान १८ बाय २४ इंचांचे झडप असावे. ते नसेल किंवा स्क्रूने पक्के बंद असेल, तर आजवर कोणी खाली डोकावले नाही असे समजावे.

घर दोन पोलादी आय-बीमवर बसते आणि बीम खांबांवर. खांब बहुधा ८ × ८ × १६ इंचांच्या काँक्रीट ब्लॉकचे, पोकळ भोके उभी ठेवून रचलेले. ३६ इंचांपर्यंत एकेरी रास चालते. त्याहून उंच, ६७ इंचांपर्यंत, दुहेरी आणि एकमेकांत गुंफलेली लागते. त्यापुढे अभियंत्याचा आराखडा. ब्लॉक आडवा टाकलेला, म्हणजे भोके क्षितिजसमांतर, दिसला की तो बसवणारा शिकाऊ होता हे कळते. असा ब्लॉक भाराखाली फुटतो. पाचरी कठीण लाकडाच्या, समोरासमोर जोडीनेच मारलेल्या हव्यात. एकेरी पाचर बीमला एका कडेवरच टेकते. ४ फूट किंवा त्याहून रुंद दारा-खिडकीच्या दोन्ही बाजूंना बाहेरच्या भिंतीखाली खांब लागतो. तसाच तो डबल-वाइडच्या जोडरेषेवरच्या मोठ्या मोकळ्या जागांच्या दोन्ही टोकांना लागतो. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर एकत्र असलेल्या घरात नेमके हेच खांब वगळलेले सापडतात आणि वर छतात मधोमध तडा दिसतो.

पातळी काढायला पारदर्शक नळीत पाणी भरून आपले गवंडी वापरतात तीच युक्ती उत्तम. शेजारच्या दोन खांबांत पाव इंचापर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर कारण शोधावे : थंड प्रदेशात गोठणाऱ्या जमिनीच्या थरावरच ठेवलेला पाया वर उचलला जातो, चिकणमातीत तो पावसाळा-उन्हाळ्यागणिक हलतो, आणि छपराचे पाणी पायाशीच पडत असेल तर एकच कोपरा खचतो. घराभोवती पहिले १० फूट जमिनीला दर फुटाला अर्धा इंच बाहेरचा उतार हवा. पुन्हा समपातळी करून घेण्याचा खर्च तुलनेने किरकोळ. उतारच उलटा असेल तर ती दुरुस्ती दर दोन-तीन वर्षांनी करावी लागते. मूल्यांकनात या दोन गोष्टी एका पारड्यात घालू नयेत.

वाऱ्याने घर सरकू नये म्हणून जमिनीत अँकर आणि त्यांना पोलादी पट्टे. प्रत्येक अँकरची कामाची क्षमता ३,१५० पौंड आणि दीडपट, म्हणजे ४,७२५ पौंडांपर्यंत टिकण्याची ताकद नियमाने लागते. हाताने पट्टा दाबून पाहावा. ढिला पट्टा बहुतेक वेळा घर खचल्याची खूण असते, अँकर उपटल्याची नव्हे. अँकरचे डोके जमिनीबाहेर वीतभर राहिले असेल, तर तो पूर्ण खोलीपर्यंत गेलाच नाही.

खालच्या जमिनीवर ६ मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचे पॉलिथिन पसरलेले असावे, जोडांवर फूटभर एकमेकांवर चढवून. स्कर्टिंगला हवेची भोके फरशीच्या दर १५० चौरस फुटांमागे १ चौरस फूट. कपडे वाळवण्याच्या यंत्राची नळी स्कर्टिंगच्या बाहेर निघायलाच हवी. ती आतच सोडलेली असेल तर दमट हवा वर्षभर तळाच्या लाकडावर जमते. तळाला ताणलेले काळे कापड, बेली रॅप, फाटून लोंबत असेल तर आतले इन्सुलेशन बहुधा ओले किंवा उंदरांनी ओढून नेलेले असते. हिवाळ्यात नळ तिथेच गोठतात. एखाद्या ठिकाणी हे कापड फुगून पाण्याची पिशवी झालेले दिसले तर वरच्या बाजूला गळती अजून चालू आहे. डबल-वाइडमध्ये दोन भागांना जोडणारी गरम हवेची जाड नळी जमिनीला टेकलेली नको. टेकली की ती सडते, उंदीर शिरतात आणि वीजबिल वाढते. विकणारा मात्र दोष घर तापवणाऱ्या भट्टीला देतो.

आत आणि छपरावर

जुन्या घरांची फरशी भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची असते. पाणी लागले की ती फुगते आणि पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. न्हाणीघराच्या टबभोवती, शौचालयाच्या बैठकीशी, पाणी तापवण्याच्या टाकीखाली आणि बाहेरच्या दाराच्या आत टाच दाबून चालावे. मऊ लागले तर खालून टोचून किती पसरले ते पाहावे. नव्या विनाइलचा एखादाच तुकडा टाकलेला दिसला तर नेमका त्याच्याखाली.

करड्या रंगाचे मऊ प्लॅस्टिकचे नळ दिसले तर ते पॉलिब्युटिलिन असण्याची शक्यता मोठी. १९७८ ते १९९५ च्या दरम्यान ते सर्रास बसवले गेले. पाण्यातल्या क्लोरीनने नळ आणि जोड आतून ठिसूळ होतात. बाहेरून काही दिसत नाही. नळ बदलण्याचा खर्च थेट किमतीतून वजा करावा. १९६०-७० च्या दशकांतल्या घरात अ‍ॅल्युमिनियमची तार असू शकते. सॉकेटवरचा जोड तापतो, म्हणून दोन-तीन सॉकेट उघडून पाहावेत. घरातल्या पॅनलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग वेगवेगळ्या पट्ट्यांवर हवेत. ते एकत्र जोडलेले असणे हा दोष दिसायला छोटा, पण संपूर्ण चासीत वीज उतरवू शकणारा.

छपरावर जुना पत्रा असेल तर त्यावर किती थर डांबर चढले आहे ते पाहावे. जुन्या छपरावर नवे छप्पर चढवण्याची पद्धत अमेरिकेत फार आहे. त्याने गळती थांबते, पण तो भार मूळ रचनेत धरलेला नसतो. हाच न्याय जोडलेल्या खोलीला आणि पोर्चला. या घराच्या भिंती फक्त स्वतःचे छप्पर पेलण्यासाठी असतात. जोडकामाला स्वतःचे खांब नसतील, तर ते क्षेत्रफळात भर नसून दुरुस्तीच्या यादीत भर आहे.

कागद

आपल्याकडे घर म्हटले की सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड. मॅन्युफॅक्चर्ड होम मात्र जन्मतः जंगम मालमत्ता असते आणि त्याला मोटारीसारखे टायटल असते. चाके, धुरा आणि टंग काढून, कायमच्या पायावर बसवून, ते टायटल परत केले की घर जमिनीशी एकरूप होऊन स्थावर होते. पद्धत राज्यागणिक निराळी : टेक्ससमध्ये गृहनिर्माण खाते मालकीचे विवरणपत्र देते, फ्लोरिडात स्थावर झालेल्या घरावर ‘आरपी’ची चिकटपट्टी असते. फरक पैशांत दिसतो. जंगम घराला मिळणारे कर्ज महाग आणि मुदतीने आखूड असते. एफएचए, म्हणजे अमेरिकेचे संघीय गृहनिर्माण प्रशासन, हमी देते त्या ‘टायटल २’ नावाच्या कर्जासाठी (इथे टायटल म्हणजे कायद्याचा भाग) घर १५ जून १९७६ नंतरचे, किमान ४०० चौरस फुटांचे, अभियंत्याने प्रमाणित केलेल्या कायमच्या पायावरचे आणि पूर्वी दुसऱ्या जागी न बसवलेले असावे लागते. पायाचा दाखला नसेल तर अभियंत्याची फी आणि निघणारी डागडुजी, दोन्ही खर्चात धरावी.

किंमत

घर आणि जमीन एका मालकाची असेल, तर अलीकडे विकल्या गेलेल्या सारख्या घरांशी तुलना करून किंमत काढतात. गृहकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या १००४सी या मूल्यांकन-नमुन्यात किमान २ तुलनाघरे मॅन्युफॅक्चर्ड होमच असावी लागतात. रिकाम्या प्लॉटची विक्री आणि नव्या घराची खरेदी यांची बेरीज करून कागदावर ‘विक्री’ तयार करणे तिथे चालत नाही. तुलना निवडताना तुकड्यांची संख्या आधी जुळवावी, क्षेत्रफळ नंतर. सिंगल-वाइड आणि डबल-वाइडचे गिऱ्हाईकच वेगळे असते.

जमीन भाड्याची असेल तर किंमत-पुस्तिकेची पद्धत चालते. पूर्वी नाडा या नावाने आणि आता जे. डी. पॉवरकडून येणारे दर त्यासाठी वापरतात : निर्माता, वर्ष, आकार आणि प्रदेश यावरून मूळ आकडा, मग अवस्थेनुसार कमी-जास्त, मग पोर्च, स्कर्टिंग, वातानुकूलन अशा वस्तूंची भर. वस्तूंची भर घसारा धरूनच घ्यावी. दहा वर्षांपूर्वीच्या डेकला नव्याचा भाव लावणे ही नेहमीची चूक.

पण भाड्याच्या जागेवर पुस्तिकेपेक्षा मासिक भाडे जास्त बोलते. समजा अशा घरांना जागा भाड्याने देणाऱ्या शेजारच्या वसाहतीपेक्षा इथले भाडे महिना १०० डॉलर जास्त आहे. वर्षाला १,२०० होतात. १० टक्के दराने त्याचे भांडवली मूल्य १२,००० डॉलर. एवढी रक्कम घराच्या किमतीतून निघून वसाहतीच्या मालकाकडे जाते. घर हलवून ही कोंडी फोडता येते असे वाटते, पण तुकडे सुटे करणे, ओढणे आणि पुन्हा बसवणे यांचा खर्च जुन्या सिंगल-वाइडच्या निम्म्या किमतीपर्यंत किंवा त्याहून वर सहज जातो, आणि बऱ्याच वसाहती ठरावीक वर्षांपेक्षा जुने घर आत घेतच नाहीत. म्हणून भाडेकरार, मागच्या काही वर्षांतली वाढ आणि नव्या मालकाला करार त्याच अटींवर मिळतो का, हे तीन कागद खालच्या पोकळीत शिरण्याआधीच मागून घ्यावेत.