तार, तंती आणि वायफाय

बेळगावच्या मराठी घरांत जुनी माणसं टेलिग्रामला ‘तार’ म्हणायची, कन्नड शेजारी ‘तंती’. तारेशिवाय संदेश जायला लागले तेव्हा मराठीत ‘बिनतारी’ शब्द आला, कन्नडात ‘निस्तंतु’. दोन्हींची घडण एकच: जे नाही, त्यावरून नाव. दोन्ही शब्द कानांवर पडत वाढलेल्या आपल्या मुलांना वाटतं, कॉम्प्युटरचं नेटवर्क आधी तारेचं होतं आणि पुढे कुणीतरी तार काढून टाकली. इतकं सरळ ते घडलं नाही.

अमेरिकेतलं अर्पानेट हे कॉम्प्युटरचं नेटवर्क १९६९ मध्ये टेलिफोनच्या लाइनींवर सुरू झालं, हे खरं. पण हवाईच्या विद्यापीठाची केंद्रं वेगवेगळ्या बेटांवर होती, मध्ये समुद्र. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ती रेडिओने जोडली. हेच अलोहानेट. सगळ्यांना पाठवायला वाट एकच, त्यामुळे दोन ठिकाणांहून एकदम पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, सुटली की आदळून दोन्ही वाया जायची. उपाय फार सुंदर होता. पोच आली नाही तर थोडं थांबायचं, कुणी किती थांबायचं ते नशिबावर सोडायचं, आणि पुन्हा पाठवायचं. भावकीच्या बैठकीत दोघं एकदम बोलायला लागले की दोघंही थांबतात, मग एकजण आधी सुरू करतो, तसंच.

ही युक्ती १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत केबलवर आणली आणि तिला आणखी धार लावली. प्रकाशाच्या लाटा ज्यातून जातात असं पूर्वी मानत, त्या ईथरवरून त्यांनी नाव दिलं ‘इथरनेट’. म्हणजे राउटरच्या मागे आपण खोचतो त्या लॅनच्या वायरीची मूळ कल्पना हवेतून आलेली आहे! मला हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

पुढचं थोडक्यात. बिनतारी नेटवर्कचं ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आलं, वेग सेकंदाला २ मेगाबिट. ‘वायफाय’ हे नाव १९९९ चं, ब्रँडची नावं घडवणाऱ्या कंपनीने सुचवलेलं. ‘वायरलेस फिडेलिटी’ हा त्याचा फुल फॉर्म नव्हे. मुलांच्या वह्यांत तो अजून सापडतो, तो खोडायला हवा. ब्लूटूथ हे दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाचं टोपणनाव. भारतात वायफाय ज्यावर चालतं तो २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओपट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, म्हणून घरच्या राउटरला लायसन्स लागत नाही.

‘रोमिंग’ सीमाभागाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. टेलिकॉम सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचे विभाग, राज्यांच्या हद्दींवर आखलेली, आणि निपाणीकडच्या हद्दीवरच्या गावात फोनने पलीकडचा टॉवर धरला की पैसे कापले जायचे.

आता घरोघरी नवा घोळ आहे. एकाच राउटरची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ‘५जी’. खानापूरकडच्या जाड भिंतींच्या घरात माजघरात ते जोरात चालतं आणि पडवीत रेंज जाते. हे पाच म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, मोबाइलची पाचवी पिढी नव्हे. भिंतीपलीकडे २.४ जास्त पोचतं. पडवीत बसून अभ्यास करणाऱ्या पोराला दुसरं नाव निवडून द्या.