तुकडा बाजरीच्या दाण्याएवढा

मागच्या मे मध्ये साक्रीकडचे एक काका आमच्या धुळ्याच्या लॅबला आले, हातात वायरची पिशवी, पिशवीत थर्मास, थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फात काकूंच्या बायोप्सीची, म्हणजे तपासायला काढलेल्या तुकड्याची, डबी. "इतलं ऊन शे भाऊ, मटन बी सडी जास." रात्रभर डबी फ्रीजरमध्ये होती, आतलं औषध वास मारतं म्हणून मोरीत ओतलेलं. काकांची चूक नाहीच, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

गर्भाशयाच्या तोंडाचा पंचने, म्हणजे तुकडा कापून घ्यायच्या अवजाराने, काढलेला तुकडा असतो २-३ मिलिमीटरचा, बाजरीच्या दाण्याएवढा, फार तर ज्वारीच्या. बाहेर आला की रक्त बंद आणि पेशी स्वतःलाच पचवायला लागतात, आपल्याकडच्या ४२-४३ च्या उन्हात तर अजूनच घाईने. ते थांबवतं ते "वास मारणारं औषध" म्हणजे फॉर्मॅलिन. १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लुम नावाचा जर्मन डॉक्टर जंतू मारायला हे वापरून बघत होता तर त्याच्याच बोटांची कातडी कडक झाली, तिथून ही आयडिया. प्रोटीनला प्रोटीन बांधलं जातं, पेशी आहे तशी थिजते. दुकानात मिळतं ते ३७-४० टक्क्यांचं, त्यात ९ पट पाणी आणि बफरचे (आंबटपणा वाढू न देणारे) क्षार घालायचे, आणि तुकड्याच्या निदान १० पट तरी बाटलीत हवं. सलाईन चालत नाही, ते दिसतं स्वच्छ पण थांबवत काहीच नाही. फॉर्मॅलिन आत झिरपतं पटकन, बांधायला मात्र वेळ घेतं, म्हणून एवढ्याशा दाण्याला पण ६ तास तरी द्या, आणि फ्रीजची गरज नाही.

बाटली रुंद तोंडाची घ्या हो, मोठा तुकडा मऊ असताना अरुंद तोंडातून आत जातो आणि कडक झाला की बाहेर यायला तयार नाही! चिमट्याने दाबू पण नका, चिरडलेल्या पेशींवरून कॅन्सर आहे की नाही सांगणं म्हणजे चुरगळलेल्या फोटोवरून माणूस ओळखणं. तुकडे दोन-तीन जागचे असतील तर गर्भाशयाचं तोंड म्हणजे घड्याळाची तबकडी समजून जागा सांगतात, १२ वाजता, ६ वाजता, आणि प्रत्येकाची बाटली वेगळी. नाव बाटलीच्या अंगावर, झाकणावर नको, आमच्या टेबलावर चार झाकणं एकदम उघडी असतात. आणि फॉर्मवर नुसतं "बायोप्सी" लिहून पाठवतात त्याचा मला खरंच राग येतो, अहो वय, पाळीची तारीख, आधीचा पॅपचा (त्या तोंडावरच्या पेशी खरवडून करतात त्या तपासणीचा) रिपोर्ट, बाई गरोदर आहे का, एवढं तरी लिहा, गरोदरपणात आणि पाळी गेल्यावर पेशी वेगळ्याच दिसतात.

काकांचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघितला तर बर्फाच्या खड्यांनी जागोजागी भोकं पाडलेली, चाळणीच नुसती. रिपोर्ट देता आला नाही, काकूंना परत टेबलावर झोपावं लागलं.

दुसऱ्या वेळी काका स्वतःच आले. झाकणाला चिकटपट्टीचे तीन वेढे, बाटली छातीशी. माझ्या नाकाजवळ धरली आणि म्हणे, "भाऊ, वास येस, मंग बराबर शे ना?"