३०४ : काहीच न पाठवणारं उत्तर

“घड्याळाशेजारचं ते चिन्ह आधी बंद कर, त्यानंच तुझं नेट संपतंय.” माझ्या संगणकाकडे बघून एका मित्रानं हा सल्ला दिला. चिन्ह होतं तंत्रज्ञानाच्या बातम्यांचे मथळे दाखवणाऱ्या एका छोट्या अॅपचं. असं वाटणारे लोक पुष्कळ आहेत. अॅप दिवसभर चालू, म्हणजे डेटा दिवसभर वाहतोय आणि प्रोसेसर दिवसभर राबतोय, असा त्यांचा हिशेब असतो. नीट लिहिलेल्या अॅपला हा हिशेब लागू पडत नाही. का पडत नाही, त्यामागे वेबमधली माझी सर्वांत आवडती युक्ती आहे.

आधी थोडी ओळख. स्क्रीनच्या कोपऱ्यातली ही जागा ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर आली. मायक्रोसॉफ्ट तिला ‘नोटिफिकेशन एरिया’ म्हणते, पण लोकांच्या तोंडी ‘सिस्टीम ट्रे’च बसलं. तिथलं चिन्ह मूळचं १६ गुणिले १६, म्हणजे अवघ्या २५६ ठिपक्यांचं. त्यात मथळा मावणं शक्य नाही. ‘नवीन काही आलंय’ एवढंच एका रंगीत ठिपक्यानं सांगता येतं, यादी क्लिक केल्यावर उघडते.

मथळे येतात ते बहुतेक वेळा आरएसएस नावाच्या प्रकारातल्या फाइलीतून. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीनं मार्च १९९९ मध्ये हा प्रकार सुरू केला. बातम्यांचं संकेतस्थळ आपल्या नेहमीच्या पानांसोबत एक साधी एक्सएमएल फाइल, म्हणजे खुणा लावून मांडलेल्या मजकुराची फाइल, ठेवतं. तिच्यात प्रत्येक बातमीचा मथळा, दुवा, वेळ आणि एक ओळखक्रमांक असतो. जाहिराती नाहीत, चित्रांची गर्दी नाही.

पण ही फाइल आपल्याकडे चालत येत नाही. ती जिथं ठेवलेली असते त्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, वाचकांची यादीच नसते. तुमच्या अॅपलाच ठरावीक वेळानं जाऊन विचारावं लागतं. १९९६ मध्ये पॉइंटकास्ट नावाचं एक सॉफ्टवेअर ‘बातम्या आपोआप तुमच्या स्क्रीनवर’ म्हणून प्रचंड गाजलं. त्याला ‘पुश’, म्हणजे बातम्या तुमच्याकडे ढकलणारं, तंत्रज्ञान म्हणायचे. आतून मात्र तेही दर थोड्या वेळानं जाऊन बातम्या ओढूनच आणत होतं. कार्यालयांतली नेटवर्क त्यानं इतकी तुंबली, की अनेक कंपन्यांनी त्यावर बंदी घातली. आजही एखादं अॅप ‘रिअल टाइम’ची जाहिरात करतं तेव्हा ते किती वेळानं विचारतं, हे आधी तपासावं.

विचारायचंच असेल, तर विचारणं स्वस्त कसं करायचं?

मी स्वतः असं अॅप लिहिलं, तेव्हा पहिल्या आवृत्तीत दर मिनिटाला अख्खी फाइल मागवत होतो. फाइल साधारण १२० किलोबाइटची. दिवसाची मिनिटं १,४४०, म्हणजे रोज सुमारे १७३ मेगाबाइट, आणि तेही एका संकेतस्थळासाठी. बहुतेक वेळा आलेली फाइल आधीच्या फाइलीशी अक्षरशः जुळणारी असायची. दुसऱ्या दिवशी सर्व्हरनं ४२९ हा क्रमांक पाठवला. ‘फार वेळा विचारताय’ असा त्याचा अर्थ. सर्व्हरचं बरोबर होतं. माझ्यासारखे दहा हजार वाचक असतील तर त्याला रोज १,७०० गिगाबाइटहून जास्त डेटा पाठवावा लागेल, आणि त्यातला बहुतेक सगळा वाया.

उपाय एचटीटीपीमध्ये, म्हणजे वेबवर मागण्या-देण्याच्या नियमांमध्ये, १९९७ पासून तयार आहे. सर्व्हर फाइल देताना तिच्यासोबत एक छोटी चिठ्ठी देतो. तिला ई-टॅग म्हणतात. समजा चिठ्ठीवर लिहिलंय ‘७७१-४२’. अॅपनं फाइल ठेवायची, चिठ्ठीही ठेवायची. पुढच्या वेळी फाइल मागताना ‘इफ-नन-मॅच : ७७१-४२’ अशी एक ओळ जोडायची. तिचा अर्थ असा, की तुझ्याकडची चिठ्ठी याच्याशी जुळत नसेल तरच फाइल दे. सर्व्हर आपल्याकडची आत्ताची चिठ्ठी बघतो. जुळली, तर तो ३०४ हा क्रमांक आणि दोन-चार ओळींची जुजबी माहिती पाठवतो. मजकूर शून्य. ‘बदललं नाही, तुझ्याजवळ आहे तेच वाच.’

हे उत्तर साधारण ३०० बाइटचं धरा. तेच १,४४० वेळा विचारलं तरी दिवसाचे ४३२ किलोबाइट होतात, अर्ध्या मेगाबाइटपेक्षाही कमी. दिवसात ३० वेळा फाइल खरंच बदलली, तर त्या ३० वेळांचे ३.६ मेगाबाइट वेगळे. सुरक्षित जोडणी नव्यानं जुळवायला दर वेळी काही किलोबाइट लागतात, म्हणून चांगलं अॅप एकच जोडणी शक्य तितका वेळ उघडी ठेवतं आणि मिनिटाऐवजी अर्ध्या तासानं विचारतं.

मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हे, की सर्व्हरला तुमची आठवण ठेवावी लागत नाही. वाचक दहा असोत वा दहा लाख, त्याच्याकडे चिठ्ठी एकच असते. ‘मी मागे काय पाहिलं होतं’ हे लक्षात ठेवण्याचं काम विचारणाऱ्याकडे आहे.

ई-टॅगच्या आधी एक सोपी पद्धत होती आणि ती अजूनही आहे. तिच्यात चिठ्ठीऐवजी फाइल शेवटची बदलल्याची वेळ पाठवतात. पण ती वेळ सेकंदापर्यंतच मोजलेली असते. एकाच सेकंदात फाइल दोनदा बदलली आणि अॅपनं नेमकी मधली आवृत्ती उचलली, तर दुसरा बदल त्याला कळतच नाही. ई-टॅग मजकुरावरून काढलेला असेल, तर ही अडचण राहत नाही. एसएचए-२५६ सारखं हॅश फलन, म्हणजे ठसा काढायचं गणिती सूत्र, फाइल कितीही मोठी असो, तिच्यापासून २५६ बिटांचा (शून्य किंवा एक अशा २५६ अंकांचा) एक ठसा तयार करतं, आणि तोच चिठ्ठीवर लिहिता येतो. मथळ्यातला एक अनुस्वार बदलला तरी ठशातले सरासरी निम्मे बिट उलटतात.

याच गुणामुळे घोटाळाही होतो. काही सर्व्हर फाइल दर वेळी नव्यानं तयार करतात आणि तिच्यात तयार केल्याची वेळ लिहितात. मथळे तेच, पण वेळ बदलली म्हणून ठसा बदलला, आणि ३०४ कधी येतच नाही. अपाची हे सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर पूर्वी ई-टॅगमध्ये फाइलचा आयनोड क्रमांकही, म्हणजे डिस्कनं तिला दिलेला नोंदक्रमांकही, मिसळत असे. एकच फाइल दोन यंत्रांवर ठेवली की तिचे आयनोड वेगळे, म्हणून चिठ्ठ्याही वेगळ्या. तुमची विनंती एकदा या यंत्राकडे आणि एकदा त्या यंत्राकडे गेली, की जुनीच फाइल पुन्हा पूर्ण उतरते. पुढे २.४ आवृत्तीत आयनोड वगळून फक्त बदलाची वेळ आणि आकार ठेवला.

मोकळ्या डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘रिफ्रेश’ दाबलं की संगणक वेगवान होतो, अशी अनेकांची श्रद्धा आहे. तसं काही होत नाही. त्यानं डेस्कटॉपवरची चिन्हं पुन्हा काढली जातात, इतकंच. बातम्यांच्या अॅपमधलं ‘रिफ्रेश’ पुनःपुन्हा दाबणंही तसंच. सर्व्हरवर नवी बातमी नसेल तर शंभर वेळा दाबून शंभर वेळा ३०४ मिळेल.

मधल्या वेळात प्रोसेसर काय करतो? अॅप ‘तीस मिनिटांनी उठव’ असं ऑपरेटिंग सिस्टीमला सांगून थांबतं, आणि तोवर प्रोसेसर त्याच्याकडे फिरकत नाही. स्मृतीतली जागा मात्र त्यानं अडवलेली असते, एवढं खरं. अॅपमध्ये अख्खा ब्राउझर कोंबला असेल तर ती शेकडो मेगाबाइटही होऊ शकते.

या युक्तीची एक वाईट बाजूही आहे. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते अॅपला कळायची गरज नसते, ती फक्त जशीच्या तशी परत द्यायची असते. म्हणजे सर्व्हरनं मनात आणलं तर प्रत्येक वाचकाला वेगळी चिठ्ठी देऊन तो परत आलेला वाचक ओळखू शकतो. कुकी, म्हणजे ओळख पटवायला संकेतस्थळं ब्राउझरमध्ये ठेवतात त्या नोंदी, पुसल्या तरी चिठ्ठी राहते. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये असा वापर खरोखर होत असल्याचं दाखवलं. माझं अॅप म्हणून दर सोमवारी सगळ्या चिठ्ठ्या आणि बदलाच्या वेळा फेकून देतं. त्या दिवशी प्रत्येक संकेतस्थळामागे १२० किलोबाइट जास्त जातात, आणि ते मी आनंदानं जाऊ देतो.