पार्श्वभूमी : अजिंठ्याची भिंत आणि तिच्यावरची लाख

जळगाव स्टेशनवर उतरून अजिंठ्याकडे निघालेल्या माणसाने पद्मपाणी, म्हणजे चित्रातला हाती कमळ घेतलेला बोधिसत्त्व, आधीच पाहिलेला असतो, कॅलेंडरवर, चौकटीत कापलेला. लेणे क्रमांक १ मध्ये त्याला चौकट नाही. तो गाभाऱ्याच्या वाटेच्या डाव्या अंगाला आहे, उजव्या अंगाला दुसरा बोधिसत्त्व वज्रपाणी, आणि दोघांच्या मधून आत बसलेला बुद्ध दिसतो. एकटा कापला की तो उदास राजपुत्र वाटतो. जागेवर तो बुद्धाचा सोबती असतो.

ही कापाकापी भिंतीवरच्या चित्रांच्या नकलांपासूनची. १८४४ नंतर तैलरंगात कॅनव्हासवर नकला झाल्या. लंडनला प्रदर्शनात मांडलेल्या त्यातल्या बहुतेक १८६६ च्या आगीत गेल्या. १८७२ ते १८८५ मध्ये मुंबईच्या कला विद्यालयाने पुन्हा नकला केल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. जळण्याची गोष्ट सगळे सांगतात. रंग उठून दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनी मूळ भिंतीवरच वॉर्निश फिरवले, हे मात्र कुणी फारसे सांगत नाही.

खरा वाद १९२०-२२ च्या कामाचा. हैदराबाद संस्थानाने इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटलेला गिलावा परत चिकटवला, आणि त्यामुळे बरेच काही पडायचे वाचले, हे मान्य करायलाच हवे. पण वरून लाखेचा लेप दिला. लाख जुनी झाली की पिवळी, मग तपकिरी पडते. ती आकसते आणि खालचा रंग पापुद्र्यासकट ओढते. धूळ, काजळी आणि वटवाघळांची घाण तिच्यात अडकते. शिवाय ती चकाकते. मातीच्या भिंतीचा मूळ पोत मंद. लाखेमुळे समोरचा उजेड परत डोळ्यांत येतो आणि चित्र तिरके उभे राहून पाहावे लागते. अजिंठ्याची 'सोनेरी छटा' म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, तिच्यात या लेपाचा वाटा मोठा आहे.

तो काढणे सोपे का नाही, हे 'फ्रेस्को' या शब्दाने झाकले जाते. फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावर रंग, तो चुन्यातच बसतो. अजिंठ्यात तसे नाही. काळ्या दगडावर भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेली माती, तिच्यावर चुन्याचा पातळ हात, तो वाळल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेला रंग. अशा रंगाला पाणी लागले की तो सुटतो. म्हणून कापसाच्या बोळ्यावर द्रावक घेऊन, बोटभर जागा धरून, बोळा वारंवार बदलत लाख उतरवावी लागते. घाई केली की रंगही बोळ्यावर येतो.

उजेडाचेही तसेच. पूर्वी दाराबाहेर आरसा किंवा पांढरे कापड धरून ऊन आत फेकत; मग टॉर्च आला. लेणे १ मधल्या बुद्धावर गाइड एका बाजूने टॉर्च धरतो तेव्हा ओठ हसरे वाटतात, दुसऱ्या बाजूने चेहरा गंभीर होतो, समोरून ध्यानस्थ. मूर्ती तीच, सावल्या हलतात. आताचे दिवे मंद आहेत. अशा रंगांसाठी सर्वसाधारण मर्यादा ५० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) मानतात. वैशाखातल्या उन्हातून आत शिरलेल्या डोळ्यांना सरावायला पाच-दहा मिनिटे लागतात. एका वेळी चाळीस माणसे आणि पंधरा मिनिटे हा नियम श्वासाच्या दमटपणासाठी योग्य, पण त्यातला निम्मा वेळ अंधारात चाचपडण्यात जातो. दाराशी आधी थांबवून डोळे निवू द्यावेत, एवढे तरी करता येईल.

जळगाव-धुळ्याच्या सभागृहांत हीच चित्रे फ्लेक्सवर, ट्यूबलाइटखाली लागतात, म्हणजे लाखेची चूक नव्याने. चकचकीत फ्लेक्सऐवजी मॅट कागद घ्यावा, चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंमी ठेवावा, दिवा वरून साधारण ३० अंशांत तिरका पाडावा. जातककथांच्या, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींच्या, भिंतीचे तुकडे करून त्यांना १, २, ३ असे क्रमांक देऊ नयेत. तिथे प्रसंग बरेचदा काळाने नव्हे, स्थळाने मांडले आहेत. महालातले सगळे एकीकडे, अरण्यातले दुसरीकडे, मग गोष्टीचा शेवट सुरुवातीच्या शेजारीही येतो. क्रमांक घातले की प्रेक्षक डावीकडून उजवीकडे चालत सुटतो आणि भलतीच गोष्ट वाचून बाहेर पडतो. जागा असेल तर आठ-दहा फुटांची एकसंध छपाई लावावी, आणि कोण कुठे आहे याचा छोटा आराखडा बाजूला, चित्रावर नव्हे.