बायोइंजिनिअरिंग घेतलं की मेडिकलला प्रवेश सोपा?

अमेरिकेतल्या मराठी घरांत हे वर्षानुवर्षं ऐकू येतं: ‘मुलीला डॉक्टर व्हायचंय ना? मग बायोइंजिनिअरिंग घ्या, मेडिकलवाले खूश होतात.’ तसं अजिबात नाही. तिथली बहुतेक मेडिकल कॉलेजं आधीच्या पदवीचा विषय ठरवून देत नाहीत. ठरावीक विज्ञान कोर्स, जीपीए म्हणजे पदवीतल्या ग्रेडची सरासरी, एमकॅट या प्रवेश परीक्षेत ५२८ पैकी मिळालेले गुण आणि रुग्णांमधला अनुभव बघतात. फ्लुइड मेकॅनिक्ससारख्या इंजिनिअरिंगच्या कोर्समध्ये रात्री जागून मिळवलेला ‘बी’ अर्जावर ‘बी’च राहतो, पेपर अवघड होता म्हणून कुणी तो वाढवून देत नाही. शिवाय अर्जात जीवशास्त्र, रसायन, भौतिक, गणिताचा जीपीए वेगळा निघतो, त्यात इंजिनिअरिंगचे कोर्स सहसा धरत नाहीत. हृदयाची कृत्रिम झडप कशी उघडते-मिटते यात जीव रमत असेल, तर मात्र जरूर घ्या.