रांगत्या बाळाखालची जमीन

आठ महिन्यांचं बाळ दिवसभर काय करतं? रांगतं, दिसेल ते उचलतं आणि उचललेलं तोंडात घालतं. घरातली जमीन मातीची असेल, तर हा सगळा उद्योग मातीत चालतो. जंतांची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. विष्ठेतून बाहेर पडल्यावर ती ओलसर मातीत दोन-तीन आठवड्यांत पिकतात आणि पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं तग धरून राहतात. बाळाच्या बोटांवरून ती पोटात गेली, की आतड्यात जंत वाढतात आणि बाळाच्या अन्नात वाटेकरी होतात. आईनं कितीही जपलं तरी मातीची जमीन झाडता येते, धुता येत नाही. पाणी ओतलं की चिखल.

मेक्सिकोतल्या कोआविला राज्यानं 2000 साली यावर एक अगदी गवंडीकामाचा उपाय काढला. योजनेचं नाव ‘पिसो फिर्मे’, म्हणजे पक्की जमीन. मातीच्या जमिनीच्या घरांना सरकार 50 चौरस मीटरपर्यंत काँक्रीट फुकट देणार. घरातलं सामान बाहेर काढून ठेवायचं काम घरच्यांचं. खर्च घरामागे साधारण 150 डॉलर. यात डॉक्टर नाही, औषध नाही, सुई नाही.

याचा परिणाम मोजायला संशोधकांना भूगोलाची मदत झाली. तोरेओन हे शहर कोआविलात येतं, तर त्याला खेटून असलेलं गोमेस पालासिओ हे शहर दुरांगो या शेजारच्या राज्यात. माणसं तशीच, हवा तीच, गरिबी तीच. मध्ये फक्त राज्याची हद्द, आणि दुरांगोत तेव्हा ही योजना नव्हती. 2005 मध्ये दोन्हीकडच्या लहान मुलांची तपासणी झाली. घरभर मातीच्या जागी सिमेंट आलं, तर जंतसंसर्ग 78 टक्क्यांनी, जुलाब 49 टक्क्यांनी आणि रक्तक्षय 81 टक्क्यांनी कमी होतो, असा हिशेब निघाला. मुलांची भाषेची समजही सुधारलेली दिसली. जंत आणि जुलाब अंगातलं पोषण पळवतात, आणि वाढत्या मेंदूला ते त्याच वयात सर्वांत जास्त लागतं. त्यामुळे हे फार आश्चर्याचं नाही. आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते: या घरांतल्या आयांमध्ये नैराश्यही कमी आढळलं.

आता लगेच ‘सगळीकडे सिमेंट ओता’ असं म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. 2018 मध्ये बांगलादेश आणि केनियातल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. तिथं घरोघरी चांगले संडास, पाण्यासाठी क्लोरीन, हात धुण्याची सोय असं सगळं पुरवलं होतं. बांगलादेशात जुलाब कमी झाले, केनियात तेही नाही. आणि मुलांच्या उंचीत या सोयींमुळे दोन्हीकडे फरक पडला नाही. एका जागी लागू पडलेली योजना उचलून दुसरीकडे ठेवली की ती तशीच चालेल, हे गृहीत धरणं म्हणजे शुद्ध आळस.

अशा सोयींसाठी लोकांकडून थोडं शुल्क घ्यावं, ही कल्पनाही अशीच, कागदावर बिनचूक दिसणारी. पश्चिम केनियात शाळेतल्या मुलांना जंतांच्या गोळ्या आधी मोफत मिळत होत्या. मग काही शाळांत पालकांकडून थोडा वाटा घ्यायचं ठरलं. रक्कम किरकोळ होती, तरी गोळ्या घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी घसरलं. जंत झालेलं मूल तापानं फणफणत नाही, नुसतं मलूल राहतं. अशा न दिसणाऱ्या दुखण्यासाठी हातावर पोट असलेला बाप खिशात हात घालत नाही, आणि त्याला मी तरी दोष देणार नाही. शिवाय एका मुलानं गोळी घेतली की मातीत पडणारी अंडी कमी होतात आणि शेजारच्या मुलाचाही फायदा होतो. त्या शेजारच्याचा वाटा कोणी भरायचा?

पण बाळांच्या तब्येतीशी ज्याचा दुरूनही संबंध वाटणार नाही, असा निर्णय ब्राझीलमध्ये झाला. तिथं कागदी मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव किंवा क्रमांक लिहावा लागे. ज्यांना धड लिहिता येत नसे, त्यांची मतं मोठ्या संख्येनं बाद होत. मग यंत्रं आली: क्रमांक दाबायचा, पडद्यावर उमेदवाराचा फोटो दिसला की मत पक्कं करायचं. 1998 च्या निवडणुकीत 40,500 पेक्षा जास्त मतदार असलेल्या नगरपालिकांना यंत्रं मिळाली, बाकीच्यांकडे कागदच राहिला. ही रेषा आकड्यावर आखलेली असल्यामुळे तुलना सोपी झाली. यंत्रांमुळे बाद मतं धडाधड कमी झाली, गरिबांची मतं मोजली जाऊ लागली, आणि राज्य सरकारांचा पैसा आरोग्यसेवेकडे जास्त वळला. कमी शिकलेल्या गर्भवतींच्या तपासण्या वाढल्या आणि त्यांच्या पोटी अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळं जन्मण्याचं प्रमाण घटलं.

शिकलेल्या आयांच्या बाळांच्या वजनात मात्र असा फरक आढळला नाही. त्यांना लिहिता येत होतं. त्यांची मतं आधीपासूनच मोजली जात होती.